दुरुस्तीपूर्वीची रुजुवात

पायथॉनमध्ये आकडेमोड करणाऱ्या बहुतेकांना ज्या नम्पाय लायब्ररीची नित्य गरज पडते, तिच्यात आपलीही एखादी दुरुस्ती समाविष्ट व्हावी, ही तरुण प्रोग्रामरांची आकांक्षा सर्वथा स्तुत्य आहे. परंतु या कामात काही काळ घालवल्यावर आणि नवागतांना सोबत केल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की दुरुस्ती लिहिण्यापेक्षा, आपण बदललेली प्रतच प्रत्यक्षात चालते आहे याची रुजुवात करणे अधिक महत्त्वाचे आहे.

न्यूमेरिक आणि नमअरे या दोन जुन्या लायब्रऱ्यांचे एकीकरण ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ साली हाती घेतले आणि २००६ मध्ये नम्पायची १.० ही आवृत्ती निघाली. २०१९ साली जगासमोर आलेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेच्या गणनकार्यातही तिचा उपयोग झाला होता. जिच्यावर इतक्यांची भिस्त आहे, त्या संहितेतील एक चुकीचे चिन्ह कोणाकोणाच्या निष्कर्षांत शिरेल, याचा नेम नाही.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका नवागताने एक बग हाती घेऊन सी भाषेतील मूळ ओळ बदलली, नवी बांधणी केली आणि पायथॉन उघडून पाहिले, तो उत्तर पूर्वीचेच! साहजिकच संशय दुरुस्तीवर गेला, आणि जी मुळात बरोबर होती ती पुनःपुन्हा मोडून नव्याने रचण्यात बराच काळ खर्ची पडला. अखेर लायब्ररी कोणत्या फोल्डरातून उचलली जाते हे आम्ही छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला की, पिपने पूर्वी बसवलेली तयार नक्कल चालत होती आणि ताजी बांधणी निराळ्याच फोल्डरात पडून होती. याहून घातक प्रकार म्हणजे टेस्ट पास होते आणि मनुष्य निश्चिंत होतो, वास्तविक ती टेस्ट दुरुस्तीपूर्वीही पास झालीच असती.

म्हणून क्रम असा ठेवावा. गिटहबवर प्रकल्प फोर्क करून आपल्या यंत्रावर क्लोन करावा व मूळ प्रकल्पाची ‘अपस्ट्रीम’ या नावाने नोंद करावी. सबमॉड्यूलही उतरवून घ्यावेत, कारण त्यांच्यावाचून बांधणी मध्येच अडते. सी आणि सी प्लस प्लसच्या कंपायलरची तजवीज आधीच करावी, आणि या कामापुरते स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट तयार करावे. नम्पायकरिता ‘स्पिन’ नावाचे साधन आहे: ‘स्पिन टेस्ट’ ही आज्ञा आधी बांधणी करते व मग टेस्ट चालवते, आणि ‘स्पिन पायथॉन’ त्या ताज्या बांधणीसह पायथॉन उघडते, नुसत्या ‘पायथॉन’वर विसंबू नये.

यानंतर मेन ब्रँचला हात न लावता वेगळी ब्रँच काढावी, आणि दुरुस्तीची एकही ओळ लिहिण्यापूर्वी तो बग पकडणारी टेस्ट लिहून ती नापास होते हे डोळ्यांनी पाहावे. ती नापास होत नसेल, तर एकतर बग आपणांस समजलेला नाही, किंवा भलतीच प्रत चालते आहे. दोन्ही परिस्थितींत पुढे जाण्यात अर्थ नाही. नापास झालेली टेस्ट दुरुस्तीनंतर पास झाली, की मगच पुल रिक्वेस्ट पाठवावी. बदल दुरुस्तीचा, दस्तऐवजाचा की नव्या सोयीचा, हे कमिटच्या संदेशारंभी संक्षिप्त खुणेने दर्शविण्याचा येथील शिरस्ता पाळावा. आणि नवी सोय सुचवायची असल्यास कोड लिहिण्याआधीच जाणत्यांशी विचारविनिमय करावा, अन्यथा महिन्यांचे श्रम एका नकाराने व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

परीक्षण करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वेच्छेने वेळ देणारे असतात, आणि आपल्या यंत्रावर काय घडले हे त्यांना दिसत नसते. आधी नापास होऊन मग पास झालेली टेस्ट हाच त्यांच्यापुढील विश्वसनीय पुरावा होय. आपण लिहिलेली ओळ उद्या कोणी अधिक चांगली लिहील, आणि तसे व्हावेच. परंतु त्या बदलालाही आपल्या टेस्टची परीक्षा द्यावी लागेल, म्हणून दुरुस्तीइतकीच आस्था टेस्ट लिहिताना बाळगावी.