निळ्या उजेडाचा झटका

"अहो, आधी पायात चप्पल घाला." हे वाक्य वेळेवर कानावर पडलं म्हणून प्रस्तुत लेखक आज हा मजकूर लिहायला शिल्लक आहे.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. परभणीत वसमत रोडवरच्या घरात, रात्री साडेनऊला, हा गृहस्थ खाऱ्या पाण्याच्या टाकीत हात घालून कलंडलेलं मश्रूम कोरल सरळ करत होता. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. हात अवघडला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. बायकोला ते पटलं नाही. तिने चपला पुढे सरकवल्या. दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा कोपर दिव्याच्या पत्र्याला टेकलं आणि हात असा मागे फेकला गेला की शेजारचं स्टूल आडवं झालं. रबरी चपलेवर निभावलं.

सकाळी वायरमन आला. टेस्टर दिव्याच्या पत्र्याला लावला, पेटला. पाण्यात टोक बुडवलं, तरी पेटला. "साहेब, तुमच्या टाकीत मासे कमी, करंट जास्त पोहतोय," एवढं बोलून त्याने वायर उचलून पिन दाखवली. दोनच काड्या. अर्थिंगची तिसरी काडीच नव्हती. पत्र्याची बॉडी, 165 वॉटचा निळा दिवा, खाली मिठाचं पाणी, आणि अर्थिंग नाही. उजेडाच्या नादात असलेल्या पदवीधर माणसाला हे दोन महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

आता विक्रेत्याबद्दल. त्याचं नाव घ्यायचं नाही, पण बोलणं सांगायला हरकत नाही. दिवा विकताना तो 'साहेब, साहेब' करत होता. तक्रार केल्यावर म्हणाला, "पाण्यात हात घालताना लाईट बंद करायचा असतो, हे पण आम्ही सांगायचं का?" मग म्हणाला, "तुमच्याकडे अर्थिंग नसेल." दोन काड्यांच्या पिनेला घरच्या अर्थिंगचा काय उपयोग, असं विचारल्यावर फोन कट. त्यानंतरच्या सगळ्या मेसेजांना व्हॉट्सॲपवर फक्त दोन निळ्या टिका. त्याच्याकडून फुकट मिळालेला निळा रंग तेवढाच.

मुळात या निळ्या उजेडाच्या मागे लागायचं कारण खरं आहे. पुष्कळ प्रवाळांच्या अंगात प्रतिदीप्त प्रथिनं असतात. निळा-जांभळा उजेड शोषून ती हिरवा, नारिंगी, लाल उजेड बाहेर टाकतात. जेलीफिशमधलं असं हिरवं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी 1962 मध्ये वेगळं केलं आणि त्याच कामाच्या मालिकेसाठी 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. लाल प्रथिन 1999 मध्ये सापडलं ते डिस्कोसोमात, म्हणजे दुकानात 'मश्रूम' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्याच जिवात. तेव्हा रंग दिव्यात नसतो, प्रवाळात असतो. दिवा त्याला फक्त जागं करतो.

दुकानदार इथेच डाव साधतो. दुकानात नुसता निळा उजेड ठेवतात, फोटो नारिंगी फिल्टर लावून काढतात. त्या उजेडात कोणतंही कोरल दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं दिसतं. देवगिरी एक्सप्रेसने थर्माकोलच्या डब्यात आलेला ऐवज घरी पांढऱ्या उजेडात पाहिला तर तपकिरी. प्रस्तुत लेखकाने त्यावर उपाय काय केला? आणखी निळा दिवा घेतला. म्हणून सांगणं असं की, खरेदीआधी पांढऱ्या उजेडातला, फिल्टर न लावलेला फोटो मागा. देत नसेल तर समजून घ्या.

झटका बसण्याआधी दोन आठवडे आणखी एक गोष्ट बिघडत होती, पण तिचा दोष विक्रेत्यावर पूर्ण टाकता येत नाही. दिवा आल्या दिवसापासून उजेड कमीजास्त करायची दोन्ही बटणं शंभर टक्क्यांवर होती. जेमतेम 40 सेंटिमीटर उंचीच्या, शंभरेक लिटरच्या टाकीवर 165 वॉट! मश्रूम हे सावलीतलं लेकरू. आधी ते बटणाएवढं आक्रसलं, मग फिकट पडलं. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हाने आणि उष्णतेने निघून गेलं की असंच होतं. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. समुद्राला उपाय नव्हता, टाकीला होता. बटण फिरवायचं होतं.

त्यात परभणीचा एप्रिल. समुद्र इथून सरळ रेषेतही चारशेहून जास्त किलोमीटरवर आणि दुपारी पत्रे तापलेले. पाणी 24 ते 27 अंशांत हवं, ते 31 वर गेलं. दिव्याची उष्णता वरून. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारेपणा वाढतो, आणि उडालेल्या शिंतोड्यांचं मीठ दिव्याच्या फटींत जाऊन बसतं. पत्र्यात करंट उतरायला वाट मिळाली ती याच मिठाने, असं वायरमनचं मत. दिवा उघडल्यावर आत पांढरा थर दिसला, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता आला नाही.

ज्यांना हा नाद करायचाच आहे त्यांच्यासाठी, खिसा रिकामा करून शिकलेलं थोडं. बोर्डात करंट गळला की वीज तोडणारी ईएलसीबी किंवा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची बसवा. साधी एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. शक्यतो 24 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा दिवा घ्या आणि अडॅप्टर टाकीपासून लांब, भिंतीवर टांगा. वायर बोर्डाच्या खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून जमिनीवर पडतं, सॉकेटात शिरत नाही. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. आयपी 65 आहे की 67, ते विचारा. 65 फवारा सोसतो, 67 अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडणं सोसतो. आणि मिठाचा थर आठवड्याला पुसा, दिवा बंद करून. हो, विक्रेत्याचं हे एक म्हणणं बरोबर होतं.

उजेड वाढवायचा तो हळूहळू. 25 टक्क्यांपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडा, महिनाभरात इष्ट तेवढा. दिवसाला आठ तास पुरे. रंगासाठी 420 ते 450 नॅनोमीटरचा निळा-जांभळा भाग महत्त्वाचा. पण डोळ्याच्या पडद्याला सर्वांत जास्त बाधणारा उजेडही याच पट्ट्यात येतो, आणि जांभळा डोळ्याला मंद वाटत असल्याने माणूस टक लावून बसतो. लहान मुलं तर टाकीपेक्षा बुटकी, खालून थेट दिव्यात बघतात. दिव्याला झाकणपट्टी हवीच. नुसती 'यूव्ही' लिहिलेली नळी उघडी टांगणं म्हणजे वेल्डिंगकडे बघत बसण्यासारखं. ती जंतू मारायला असते आणि तिची जागा बंद डब्यात.

बाकी नेहमीचंच. बिल घ्या, मुलांवर लक्ष ठेवा.

एक गोष्ट राहिली. दिव्याबरोबर त्याच विक्रेत्याने 'ब्रेन कोरल'ही देऊ केलं होतं, "यालाही हाच लाईट चालतो" म्हणून. पैसे कमी पडले, म्हणून घेतलं नाही. नंतर कळलं की ब्रेन कोरलसह रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' म्हणतात, पण तुरुंगाच्या बाबतीत ते ऐकायला फार गंमत वाटली नसती.

सध्या टाकीवर 30 वॉटचा दिवा आहे, संध्याकाळी पाचपासून. पाच मश्रूमपैकी दोन जगली. त्यातलं एक रात्री खरोखरच लाल दिसतं. जुना दिवा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे, आणि त्याचे 6,400 रुपये अजून परत आलेले नाहीत.