एकाच छताखाली

विद्यार्थी मित्रांनो, जालना स्टेशनवर रात्री गाडीत बसले, की सकाळी मुंबई येते. आपल्या राजूरचा माणूस मुंबईला गेला, की राणीची बाग आणि गेटवे ऑफ इंडिया पाहून येतो. तुम्ही गेलात, तर तिथली जुनी थिएटरेही जरूर पाहा. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. या दोन्ही भाषा त्या थिएटरांत एकाच छताखाली नांदल्या आहेत.

ग्रँट रोडवर १८४६ साली एक नाट्यगृह सुरू झाले. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १८५३ साली सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन तिथे आले. मराठी नाटकांबरोबरच त्यांनी गोपीचंद राजाचे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. पुढे पारशी मंडळ्यांनी मुंबईत उर्दू नाटके रंगभूमीवर आणली. आगा हश्र काश्मीरी यांची नाटके याच मंडळ्यांनी गाजवली.

गिरगावात मॅजेस्टिक नावाचे थिएटर होते. १४ मार्च १९३१ रोजी तिथे ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट लागला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, नायिका जुबेदा आणि नायक मास्टर विठ्ठल! तिकिटांसाठी एवढी झुंबड उडाली, की पोलीस बोलवावे लागले. वर्ष पुरे होण्याआधीच, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट त्याच थिएटरात झळकला. ज्या पडद्यावर ‘आलम आरा’ बोलली, त्याच पडद्यावर मराठी बोलू लागली. आज ते थिएटर नाही.

मुंबई सेंट्रल स्टेशनजवळचे ‘मराठा मंदिर’ १९५८ साली सुरू झाले. ५ ऑगस्ट १९६० रोजी तिथे ‘मुघल-ए-आझम’ लागला. थिएटरचे नाव मराठी, चित्रपटाचे संवाद उर्दू! तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत बसले.

‘रॉयल ऑपेरा हाऊस’ची कहाणी वेगळी आहे. १९११ साली त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर यांनी तिथे नाटके केली. १९९३ साली ते बंद पडले. सर्वांना वाटले, आता संपले. पण दुरुस्ती होऊन २०१६ साली त्याचे दरवाजे पुन्हा उघडले.

मित्रांनो, प्रत्येक थिएटरचे नशीब असे नसते. पुष्कळ थिएटरे पाडली गेली. त्यांच्या आठवणी तेवढ्या वडीलधाऱ्यांजवळ उरल्या आहेत. तुमच्या दादा-दादींना, नाना-नानींना विचारा, “तुम्ही पहिला सिनेमा कुठे पाहिला? टॉकीजमध्ये, की जत्रेतल्या तंबूत?” ते उर्दूत सांगतील. तुम्ही ते मराठीत लिहून काढा. तुमच्या वहीतही दोन्ही भाषा एकत्र नांदतील.

शब्दार्थ
नांदणे – सुखाने एकत्र राहणे
बोलपट – आवाज असलेला चित्रपट
झुंबड – खूप गर्दी

स्वाध्याय
१. मॅजेस्टिक थिएटरात कोणते दोन पहिले बोलपट लागले?
२. ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ किती वर्षे बंद होते?
३. पाठाला ‘एकाच छताखाली’ हे नाव का दिले असावे?