‘हुशार’च्या विरुद्ध काय लिहाल?



विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न सर्वांना सोपा वाटतो. ‘दिवस × रात्र’, ‘खरे × खोटे’ अशा जोड्या पाठ केल्या की काम भागते. परंतु माणसाच्या बुद्धीविषयीचे शब्द आले की घोटाळा होतो. ‘हुशार’पुढे कोणी ‘ढ’ लिहितो, कोणी ‘मूर्ख’, तर कोणी ‘वेडा’. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून या पाठात आम्ही हाच शब्दगट घेतला आहे.

१. हुशारी वेगळी, शहाणपण वेगळे

‘हुशार’ हा शब्द फारसीतून आला. त्यातला ‘होश’ म्हणजे शुद्ध, जागेपणा. ‘रात्रीचा प्रवास आहे, हुशार राहा’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच जुना अर्थ असतो. तेथे विरुद्ध शब्द ‘गाफील’. मृत्युपत्रात ‘अक्कलहुशारीने लिहून देतो’ असे लिहितात, तेही याच अर्थाने. अभ्यासातील ‘हुशार’च्या विरुद्ध मात्र ‘मठ्ठ’ किंवा ‘मंद’ येतो. ‘कुशाग्र’ शब्द पाहा. कुश म्हणजे दर्भ, अग्र म्हणजे टोक. दर्भाच्या टोकासारखी तीक्ष्ण ती कुशाग्र बुद्धी. तिच्या उलट मंद किंवा जड बुद्धी.

‘शहाणा’ हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’पासून आला आहे. हिंदीतील ‘सयाना’ आणि गुजरातीतील ‘शाणो’ हे त्याचेच भाऊ. केव्हा काय करावे, काय बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे ज्याला कळते तो शहाणा. त्याच्या उलट मूर्ख किंवा अविचारी.

म्हणजे हुशारी बुद्धीचा वेग सांगते आणि शहाणपण तिचा वापर सांगते. एकाच माणसात दोन्ही असतीलच असे नाही. समर्थ रामदासांनी हे फार पूर्वी ओळखले होते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे आहेत आणि दहाव्यात ‘पढतमूर्खा’ची. खूप वाचले, खूप ऐकले, पण आचरणात काही आले नाही, तो पढतमूर्ख. याउलट शाळेची पायरीही न चढलेली एखादी आजी घरातली भांडणे दोन शब्दांत मिटवते. तिला आपण शहाणीच म्हणतो.

२. वाक्य पाहून उत्तर द्या

एकाच शब्दाचे विरुद्धार्थी शब्द वाक्याप्रमाणे बदलतात.

‘शहाणं बाळ आहे ते’, येथे शहाणे म्हणजे ऐकणारे. विरुद्ध : द्वाड, खोडकर.
‘त्याने शहाणा सल्ला दिला’, येथे विरुद्ध : मूर्खपणाचा.
‘मोठा शहाणाच आहेस!’, येथे शहाणा म्हणजेच मूर्ख! सूर बदलला की शब्द उलटा होतो.

गंमत अशी की शहाणपण आपण मोजतोही. पेशवाईत ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे. कारण नाना मुत्सद्देगिरीत थोर, पण तलवारीचे नव्हेत. मात्र ‘दीडशहाणा’ म्हणजे गरजेपेक्षा अधिक शहाणपण दाखवणारा. बडोद्यात आपले गुजराती शेजारी ‘दोढडाह्यो’ म्हणतात तो हाच. तेथे ‘डाह्यो’ म्हणजे शहाणा आणि ‘दोढ’ म्हणजे दीड.

३. लक्षात ठेवण्याच्या जोड्या

बुद्धिमान × निर्बुद्ध
सुज्ञ × अज्ञ
विवेकी × अविवेकी
समंजस × हेकट, असमंजस
चाणाक्ष × बावळट
धूर्त × भोळा
पोक्त × पोरकट
अक्कलवान × बेअक्कल
सद्बुद्धी × दुर्बुद्धी

येथे दोन ठिकाणी सावध राहावे. ‘निर्बुद्ध’ म्हणजे बुद्धी नसलेला. ‘दुर्बुद्धी’ म्हणजे वाईट बुद्धी. दुर्बुद्धी हुशार माणसालाही होते. दुसरे, मराठीत ‘असमंजस’ म्हणजे समजूतदारपणा नसलेला. हिंदीत त्याचा अर्थ द्विधा मनःस्थिती असा होतो. हिंदीच्या तासाचा अर्थ मराठीच्या पेपरात लिहू नका.

शब्दाची जातही जुळली पाहिजे. ‘शहाणपण’ हे नाम आहे, त्याच्यापुढे ‘मूर्ख’ नव्हे, ‘मूर्खपणा’ लिहावे. लिंगही जुळवावे : शहाणी × वेडी.

४. दोन शब्द जपून वापरू या

आता पालकांशीही थोडे बोलतो. ‘ढ’ हे खरे तर एक अक्षर. ब्राह्मी लिपीतली बहुतेक अक्षरे काळाबरोबर ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून पुढे न सरकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. जुनागढला गिरनारच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख आहे, तो याच ब्राह्मी लिपीत. सहलीला गेलात तर अक्षरे न्याहाळा. अक्षर दोन हजार वर्षे तसेच राहू शकते, मूल मात्र दोन महिन्यांतही बदलते. काही मुलांना वाचताना अडखळायला होते. बुद्धी मात्र उत्तम असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेची नोंद आहे. अशा मुलाला ‘ढ’ म्हटले की त्याची खरी अडचण झाकली जाते आणि मदत मिळायची राहून जाते.

दुसरा शब्द ‘वेडा’. ‘शहाणा × वेडा’ ही जोडी पुस्तकात आहे आणि परीक्षेत ती बरोबरच धरली जाते. पण मनाचा आजार हा आजार आहे, मूर्खपणा नव्हे. १९१२ च्या ‘लूनसी अ‍ॅक्ट’च्या नावातच वेडेपणा होता. १९८७ आणि पुढे २०१७ च्या कायद्यांनी तो शब्द सोडून ‘मानसिक आजार’ हा शब्द घेतला. कायद्याने जे केले ते आपल्या बोलण्यातही यावे.

म्हणून आमची विनंती अशी : मुलाविषयी सांगताना नेमके सांगावे. ‘तो ढ आहे’ याऐवजी ‘त्याला भागाकार जमत नाही’ म्हणावे. पहिल्या वाक्यावर काही उपाय नाही. दुसऱ्यावर शिक्षक, पालक आणि विश्वस्त मंडळी मिळून उपाय काढू शकतात.

स्वाध्याय

१. अधोरेखित करावा तसा शब्द शोधून विरुद्धार्थी शब्द लिहा : (अ) पहारेकरी हुशार होता. (आ) ती गणितात हुशार आहे. (इ) काका फार समंजस आहेत.
२. ‘पढतमूर्ख’ आणि ‘दीडशहाणा’ यांतील फरक तीन ओळींत लिहा.
३. घरात आजी-आजोबांना विचारून बुद्धीविषयीचे पाच जुने शब्द जमवा, प्रत्येकाचा विरुद्धार्थी शब्द शोधा आणि वहीत लिहून आणा. निवडक शब्द वर्गाच्या फलकावर लावू.