स्तंभ, मशीनगन आणि खंजीर : महार रेजिमेंटचे बोधचिन्ह

बोधचिन्ह म्हणजे मोजक्या रेषांत लिहिलेला इतिहास होय. तो वाचताना चिन्हात काय आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कोणी, केव्हा धारण केले हेही पाहावे लागते. या दृष्टीने महार रेजिमेंटचे बोधचिन्ह अभ्यासण्याजोगे आहे.

नगरहून पुण्यास जाताना पेरणे फाट्याजवळ जो विजयस्तंभ दिसतो, तोच या चिन्हाचा मूळ आधार. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची स्मृती म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला. त्यावर धारातीर्थी पडलेल्या ४९ सैनिकांची नावे असून त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार सैनिकांच्या नावांत आढळणारा प्रत्यय आहे. स्तंभ कंपनीच्या विजयाचा. परंतु १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे येऊन मानवंदना दिली, ती या नावांना.

ज्यांच्या पूर्वजांची नावे दगडावर कोरली गेली, त्यांनाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्धानंतर तीही मोडण्यात आली. बाबासाहेबांनी हा प्रश्न सतत लावून धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आणि ‘महार’ ही अक्षरे होती. जो शब्द गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी वापरला जात होता, तो आता गणवेशाचा मान झाला. या चिन्हाचा खरा अर्थ येथे आहे.

१९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन दल झाली, तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स मशीनगन चिन्हात आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. आज रेजिमेंटचे ब्रीद ‘यश सिद्धी’ असून तिच्यात देशातील निरनिराळ्या समाजांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत वीरमरण आलेले, परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेऊन आपण जातीचा त्याग केला. मग जातीचे नाव धारण करणाऱ्या या चिन्हाकडे बौद्धांनी कसे पाहावे? माझ्या मते, जातीचा अभिमान म्हणून नव्हे, तर नाकारलेला हक्क परत मिळविल्याचा दस्तऐवज म्हणून. चिन्हावरून स्तंभ गेला, म्हणून दगडावरची नावे पुसली गेली नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी पेरणे फाट्यावर जावे, ती नावे स्वतः वाचावीत, आणि हा हक्क कशामुळे गेला व कोणत्या प्रयत्नांनी परत मिळाला, हे समजून घ्यावे.