ब्लाउजच्या हाताने जॅकेट

अस्तराचा ब्लाउज शिवता येतो म्हणजे अस्तराचं जॅकेटही जमेल, असा जिचा समज असेल तिने आधी हे वाचावं आणि मग कापडाला कात्री लावावी. माझाही तोच समज होता. घरातल्यांचे आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर-पोलकी शिवून हात बसलेला. त्या जोरावर लेकीच्या मुलाखतीसाठी गडद निळ्या सुटिंगचं जॅकेट शिवायला घेतलं. हँगरवर ते छान दिसलं. अंगात घातल्यावर मात्र पाठीत आडवी ओढ, काखेत कापडाचा गोळा आणि खालची कड आत वळलेली. स्टेशनजवळच्या एका टेलर मास्तरांना दाखवायला नेलं. त्यांनी ते उलटं केलं, अस्तर चिमटीत धरून ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, शिलाई चांगली आहे. पण हा कोट नाही, मोठा ब्लाउज झालाय."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळं सांगितलं होतं, फक्त ते उलगडायला मला बरेच दिवस लागले.

ब्लाउजमध्ये आपण वरचं कापड आणि अस्तर एकावर एक ठेवून एकाच मापाने कापतो, कडेने टीप मारून दोन्ही एक करतो आणि पुढे ते एकच कापड समजून टक्स घालतो, बाह्या जोडतो. शिवणक्लासात शिकवतात ते हेच, आणि ब्लाउजसाठी ते बरोबरही आहे. जॅकेटचं अस्तर मात्र आत सुटं राहतं. ते स्वतःच एक पूर्ण जॅकेट असतं. वेगळं कापायचं, वेगळं शिवायचं आणि समोरची पट्टी, गळा, खालची कड, बाहीची तोंडं एवढ्याच ठिकाणी वरच्या जॅकेटला जोडायचं. आणि आतलं असूनही ते वरच्यापेक्षा सैल हवं, लहान तर नकोच. आपण हात पुढे केला की पाठ रुंदावते. सुटिंग विणीमुळे थोडं देतं, साटीन किंवा टॅफेटा अजिबात देत नाही. अस्तराला जागा नसेल तर एक तर ते काखेत फाटतं, नाहीतर वरच्या कापडाला आत ओढतं. माझ्या लेकीच्या पाठीतली ओढ तीच होती.

म्हणून अस्तर कापताना तीन ठिकाणी माप वाढवायचं. पाठीच्या मधोमध, कापडाच्या घडीवर, साधारण इंचभर जादा ठेवून त्याची वरून खालपर्यंत एक चुणी घ्यायची. ती मानेपाशी आणि कमरेशी थोडी टाचून टाकायची, मध्ये मोकळी सोडायची. दुसरं ठिकाण काखेत. अस्तराचा मुंढा तिथे अर्धा इंच वर कापायचा आणि बाहीच्या अस्तरालाही तितकंच वाढवायचं. ब्लाउजच्या सवयीला हे पटत नाही, कारण वर कापला की काचेल असं वाटतं. पण जॅकेटच्या मुंढ्याची माया काखेत उभी राहते आणि अस्तराला तिच्यावरून जायचं असतं, तेवढा रस्ता त्याला द्यावाच लागतो. तिसरं ठिकाण लांबीचं. जॅकेटची खालची दुमड दीड इंच धरली तर अस्तर तयार लांबीच्या अर्धा इंच खाली कापा. अर्ध्या इंचाच्या मायेने दोन्ही जोडलं की जोड काठापासून इंचभर वर बसतो आणि अस्तराची अर्ध्या इंचाची घडी आपोआप खाली झुकते. तयार जॅकेटच्या आत खाली जी घडी दिसते ती ही. मी ती दुकानदाराची हयगय समजत होते.

आता मुंबईत जॅकेट कशाला, असं कुणीही विचारेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत १९६२च्या जानेवारीत ७.४ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्यानंतर इथल्या माणसाला जॅकेट घालायला लावलं ते ऑफिसातल्या एसीने. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर कुडकुडायचं आणि संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर घामाने निथळायचं, अशा दिवसाला जॅकेट लागतं आणि त्याचं अस्तरही तसंच निवडावं लागतं. मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर मागितलं की सवयीने टू बाय टू किंवा पॉपलिन पुढे येतं. ते सुती असल्याने आतल्या कपड्याला धरून ठेवतं, बाही हातावर चढता चढत नाही. निदान बाह्यांना तरी गुळगुळीत कापडच हवं. पॉलिएस्टर साटीन स्वस्त आणि हजार रंगांत मिळतं, पण घामात अंगाला चिकटतं. व्हिस्कोजचं अस्तर मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. फक्त ते आटतं, म्हणून कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

वरच्या कापडालाही हेच लागू. आमच्या पुढच्याच स्टेशनला, ठाण्यात, १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडच्या लोकरी गिरणीमुळे आमच्या भागातल्या घरोघरी सुटिंगचे पीस भेट म्हणून पडलेले असतात. असा जुना पीस काढून सरळ कापायला बसू नका. लोकर वाफेनेही आटते. ओला पिळलेला सुती पंचा वर ठेवून सबंध कापडावर इस्त्री दाबत जा आणि रात्रभर सपाट पडू द्या. सुटिंगचा पन्हा बहुधा ५८ इंची असतो, त्यात बायकांचं जॅकेट दोन मीटरमध्ये बसतं. खणाचं शिवायची हौस असेल (हल्ली बऱ्याच जणींना असते) तर लक्षात ठेवा की हातमागाच्या खणाचा पन्हा लहान असतो आणि कापताक्षणी त्याचे धागे सुटू लागतात. पहिलं जॅकेट खणाचं नको.

आणि पहिलं जॅकेट तारखेचंही नको. मुलाखत, साखरपुडा, विमानाचं तिकीट, यांतलं काही डोक्यावर असेल तर तयार विकत घ्या. घरी शिवलेलं स्वस्त पडतं म्हणाल, तर तेही खरं नाही. टेलरच्या दुकानात कोट चार हातांतून जातो. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, काज करणारा वेगळा आणि शेवटी इस्त्रीवाला. घरी हे चौघेही आपणच. त्यात वन बीएचकेमध्ये कापायला जागा म्हणजे हॉलची फरशी, तीही सगळे झोपल्यावर.

कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवा. ही पायरी मी टाळली होती, कारण ब्लाउजला आपण मापाचा जुना ब्लाउज घेतो आणि काम भागतं. जॅकेटला तसं भागत नाही. मांजरपाट स्वस्त असतो, त्याला सगळीकडे इंचभर माया ठेवा, लांब कच्च्या टिपेने शिवा, अस्तर-कॉलर काही नको. घालून खुर्चीत बसा. मग लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करा. सबंध जॅकेट हाताबरोबर वर चढलं तर मुंढा फार खोल गेला आहे. इथेही ब्लाउजची बुद्धी उलटी चालते. काचतंय म्हणून आपण मुंढा आणखी खोल करतो आणि ते आणखी चढतं. मुंढा काखेच्या जवळ आणि बाही वरच्या दंडात पुरेशी रुंद, असं असेल तर हात मोकळा फिरतो. हे मांजरपाटावर कळलं तर चार रुपयांत कळतं. सुटिंगवर कळलं तर कळूनही उपयोग नसतो, कारण कापलेलं कापड परत येत नाही.

यापुढचं सगळं इस्त्रीचं आहे. गांधीजी यंत्रांविरुद्ध बोलत, पण १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला होता, माणसाने लावलेल्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी एक म्हणून. ते खरंच आहे, पण जॅकेटमध्ये यंत्राच्या वाट्याला काम थोडंच येतं. जास्त काम इस्त्री करते आणि त्याखालोखाल हातसुई. समोरच्या भागाला, आतल्या पट्टीला, कॉलरला आणि खालच्या दुमडीला पेस्टिंग लागतं. दुकानात नुसतं 'पेस्टिंग द्या' म्हणालात तर शर्टाच्या कॉलरचं कडक बक्रम हातात पडेल आणि जॅकेटची छाती पुठ्ठ्यासारखी उभी राहील. विणलेलं, मऊ, हातात घेतल्यावर लोंबणारं पेस्टिंग मागा. ते आधी चिंधीवर लावून पाहा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची, दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलून पुढे ठेवायची. मग कापड गार होईपर्यंत हलवायचं नाही. गरम असताना उचललं की डिंक धरत नाही आणि महिनाभराने फुगे येतात. पावसाळ्यात कापडातच ओल असते, तेव्हा आधी नुसती कोरडी इस्त्री करून घ्या. पेस्टिंग लावल्यावर कापड किंचित आटतं, म्हणून मी आता समोरचा भाग मोठा चौकोनी कापून आधी चिकटवते आणि नंतर त्यावर पॅटर्न ठेवून कापते. कापड थोडं वाया जातं. जाऊ दे.

प्रत्येक शिवण टीप मारल्याबरोबर उघडून दाबायची. 'शेवटी एकदम इस्त्री करू' हे परकराला चालतं. जॅकेटला शेवटी आतली शिवण हाती लागतच नाही. गडद सुटिंगवर इस्त्री थेट लावली तर चकाकी येते आणि ती जात नाही, मध्ये ओलसर मांजरपाट हवाच. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची कोळशाची जड इस्त्री लॅपलची घडी जशी बसवते तशी आपली घरची हलकी इस्त्री बसवू शकत नाही, म्हणून शेवटची इस्त्री मी त्याच्याकडे करून घेते. पण मांजरपाटाचा तुकडा सोबत देते आणि समोर उभी राहते.

कॉलरबद्दल थोडक्यात. वरची कॉलर खालचीपेक्षा कडेला एक सूत मोठी कापा आणि खालची उरेब कापा. नाहीतर टोकं वर वळतात आणि कितीही दाबली तरी वळतातच.

बाही लावणं हा खरा कसोटीचा भाग. बाहीची टोपी मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठी असते आणि ती एकही चुणी न दिसता मुंढ्यात मुरवायची असते. लोकरी कापड वाफेने आकसून हे ऐकतं. सुती आणि सिंथेटिक कापड ऐकत नाही, तिथे टोपी आधीच कमी उंच आखा. दोन लांब टाक्यांच्या ओळी घालून दोरा ओढा, टाचण्या लावा, मग हाताने कच्चा टाका घाला आणि जॅकेट घालून आरशात पाहा. त्यानंतर मशीन. लेकीच्या जॅकेटला मी कच्चा टाका वगळला होता. टाचण्यांवर भरोसा ठेवला की कापड सुईपुढे सरकत जातं आणि सगळी जादा माया मागच्या बाजूला एका ठिकाणी जमते.

अस्तर मशीनवर घसरतं. सुटिंगची १४ नंबरची सुई काढून ११ नंबरची नवी लावा, टाका थोडा लहान करा आणि तरीही गोळा होत असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा, कागद नंतर ओढून निघतो. पांढराच घ्या, रंगीत कागदाचा रंग घामाने उतरतो.

शेवटी जोडणी. अस्तर आणि जॅकेट सुलट बाजू एकमेकींकडे करून पट्टी, गळा आणि खालची कड मशीनवर जोडता येते, मात्र आधी एका बाहीच्या अस्तराच्या शिवणीत वीतभर जागा उघडी सोडलेली हवी. तिथूनच सगळं जॅकेट बाहेर ओढून सुलट करायचं. बाह्यांची तोंडं जोडताना फसगत होते. उलट्या अवस्थेत बाही आणि तिचं अस्तर समोरासमोर सरळ दिसतात, आपण जोडतो, आणि सुलट केल्यावर बाही पिळलेली निघते. म्हणून आधी जॅकेट सुलट करून, अस्तर बाहीत नीट घालून, मनगटाशी दोन्हींच्या शिवणी जुळवून तिथे एक टाचणी लावा. मग ती टाचणी न काढता उघड्या जागेतून हात घालून ते तोंड बाहेर ओढा आणि जोडा. खांद्यावर आणि काखेत आतून अस्तर आणि जॅकेटच्या मायेला छोट्याशा पट्टीने बांधून टाका, नाहीतर जॅकेट काढताना बाहीचं अस्तर हाताबरोबर बाहेर येतं. उघडी जागा हाताने शिवायची, ती कुणाला दिसत नाही.

काज घरी करू नका. 'काज-बटण, इंटरलॉक, पिको-फॉल' अशी पाटी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक बाजाराच्या गल्लीत असते. तिथल्या मशीनवर एका मिनिटात काम होतं, पण त्या मिनिटात चूक झाली तर ती पुढच्या बाजूलाच, सगळ्यांना दिसणारी. एका ठिकाणी मी खडूची खूण करून दिली होती, कारागिराने ती डाव्याऐवजी उजव्या भागावर घेतली. तेव्हापासून बटणाच्या जागी टाचणी आणि काजाच्या जागी रंगीत दोऱ्याचा टाका, असं वेगवेगळं करून देते, आणि पेस्टिंग लावलेल्या चिंधीवर आधी एक काज करायला लावते. कारागीर वैतागतो. वैतागू दे.

लेक मुलाखतीला मावसबहिणीचं जॅकेट घालून गेली. निळं जॅकेट मी नंतर उसवलं, अस्तर फेकलं, नवं कापलं. समोरचे भाग वाचले, बाह्या नव्याने लावाव्या लागल्या, आणि त्यासाठी कापड उरलं होतं हे नशीब. म्हणून पाव मीटर कापड नेहमी जास्त घ्या. जॅकेट झाल्यावर उरलेली पट्टीही टाकू नका. कुठे खिळ्याला अडकून फाटलं तर रफूवाला त्याच कापडाचे धागे काढून भोक भरतो, आणि तसा धागा बाजारात विकत मिळत नाही.