ते वाक्य कुठल्या अंकात आहे?

आई-बाबांनो,

मागच्या पालकसभेनंतर एक बाबा दाराशी रेंगाळले. बाकीचे हजेरी, फी, परीक्षेची तारीख विचारून निघून गेले होते. वर्ग रिकामा झाल्यावर हे हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइलवर पिक्चर बघते. विचारलं की म्हणते, अभ्यास करतेय. आम्ही काय समजायचं?" कुठला पिक्चर, असं मी विचारलं. त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. लेकीच्या नकळत नाव उतरवून आणलं होतं : हॅम्लेट.

मला हसू आलं, पण दाबलं. चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या वडिलांना पडला होता.

वडील एस.टी.त कंडक्टर. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, शहरात खोली घेऊन राहिलेली. तिथली फिल्म सोसायटी रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये जुने चित्रपट दाखवायची. एका रविवारी लॉरेन्स ऑलिव्हिएचा 1948 चा 'हॅम्लेट' होता आणि नेमकं तेच शेक्सपिअरचं नाटक आम्हाला अभ्यासाला. पुस्तक घेतलेलं होतं, पण पहिल्या अंकापुढं पान उलटलं नव्हतं. इंग्रजी झेपतच नव्हतं. बाजारातलं गाइड मात्र पाठ होतं. अडीच तासांत सगळं नाटक उरकतंय म्हटल्यावर कोण सोडणार? त्या रविवारी मी घरी आले नाही म्हणून वडील रागावले. "शिकायला पाठवलंय की सिनेमाला?" एवढंच म्हणाले, पण ते लागलं.

चित्रपट बघून मी निबंध लिहिला. सुरुवातच अशी झोकात केली की, ज्याला काही ठरवताच आलं नाही अशा माणसाची ही शोकांतिका आहे असं शेक्सपिअर स्वतःच सांगतो. चित्रपटाच्या आरंभी मी तसं कानांनी ऐकलं होतं. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत सरांचा शेरा होता : 'हे वाक्य कुठल्या अंकात आहे? अंक व प्रवेश लिहून आणा.'

हॅम्लेटचे पाच अंक, वीस प्रवेश, चार हजारांच्या आसपास ओळी. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. पहिल्या अंकात सापडेना, दुसऱ्यात सापडेना. चित्रपटात नसलेली माणसंच भेटायला लागली. राजाने हॅम्लेटवर पाळत ठेवायला आणलेले त्याचे जुने मित्र, रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न, चित्रपटात नव्हतेच. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, जो शेवटी येऊन गादी घेतो, तोही नव्हता. आठवडाभर शोधलं. वाक्य मिळालं नाही, कारण ते नाटकात नाहीच. ऑलिव्हिएने आधी शेक्सपिअरच्याच काही ओळी म्हटल्या आणि त्यांच्या शेपटाला आपलं वाक्य जोडून दिलं. सरांना हे माहीत होतं. मी खाली मान घालून गेले, तर ते एवढंच म्हणाले, "नाटक वाचून झालं ना? आता निबंध पुन्हा लिहा."

गाइडने मला जे करू दिलं नव्हतं, ते एका चित्रपटातल्या उपऱ्या वाक्याने करायला लावलं.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मुलं पळवाट शोधतात. आम्हीही शोधत होतो. उत्तरपत्रिका तपासताना सिनेमा ओळखू येतो. हॅम्लेटवरूनच केलेला विशाल भारद्वाजचा 2014 चा 'हैदर' बघून आलेला मुलगा हॅम्लेट त्या राजाला, म्हणजे आपल्या काकाला, जिवंत सोडतो असं लिहितो. शेक्सपिअरकडे काका मरतो. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचं तर विचारू नका. पु. लं.ची 'ती फुलराणी' याच नाटकावरून आली, त्यामुळे गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक. फुलवाली एलायझा प्रोफेसर हिगिन्सशी लग्न करणार नाही, हे शॉने नाटक छापताना लांबलचक परिशिष्ट जोडून बजावलं. पण 1938 च्या चित्रपटात ती शेवटी हिगिन्सकडे परतते. गंमत म्हणजे पटकथेचं ऑस्कर मात्र शॉलाच मिळालं! 1964 च्या 'माय फेअर लेडी'ने तोच गोड शेवट उचलला आणि तो बघितलेली मुलं दरवर्षी इमानेइतबारे चुकीचं उत्तर लिहितात. पैकीच्या पैकी आत्मविश्वासाने लिहितात, हे जास्त त्रासदायक.

म्हणून सिनेमा बंद करायचा का? मला विचाराल तर एक बघतात ही चूक, दोन बघायला हवेत.

गेल्या वर्षी मी वर्गात एकच स्वगत तीन चित्रपटांतून दाखवलं, जगावं की मरावं या प्रश्नाचं. ऑलिव्हिए ते किल्ल्याच्या टोकावर बोलतो, खाली समुद्र उसळतोय. रशियन दिग्दर्शक कोझिन्त्सेवच्या 1964 च्या चित्रपटातला हॅम्लेट खडकाळ किनाऱ्यावरून चालत राहतो. ओठ मिटलेले, शब्द मनातल्या मनात. केनेथ ब्रॅनाच्या 1996 च्या चित्रपटात तो आरशासमोर उभा आहे आणि आरशापलीकडून राजा नि पोलोनियस त्याला बघताहेत. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "मॅडम, पुस्तकात तो कुठं उभा आहे?" सगळ्यांनी पुस्तकं उघडली. पुस्तकात तो कुठं उभा आहे ते लिहिलेलंच नाही! तो नुसता येतो आणि बोलतो. बाकी सगळं त्या तिघांनी आपापल्या डोक्यातून आणलेलं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. माझ्या नोकरीत असं वारंवार झालेलं नाही.

कोझिन्त्सेवच्या चित्रपटातली आणखी एक जागा सांगते, मुलींच्या आयांसाठी खास. हॅम्लेटची प्रेयसी ऑफिलिया, तिचे वडील पोलोनियस मारले गेलेत. सुतकाचे काळे कपडे घालायचेत. त्याआधी दासी तिच्या अंगाभोवती लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आवळतात. ती बाहुलीसारखी उभी, चेहऱ्यावर काही नाही. मग त्या पिंजऱ्यावर काळा झगा चढतो. शेक्सपिअरच्या संहितेत हा प्रवेश कुठंच नाही. तिथं ऑफिलिया यानंतर येते ती वेडी होऊनच. आमच्या गाइडमध्ये तिच्या वेडाची कारणं क्रमांक घालून दिली होती, ती मी घोकली होती. तो सांगाडा बघितल्यावर मात्र तिच्या वाट्याची सगळी वाक्यं परत वाचावीशी वाटली. आणि ती वाक्यं किती कमी आहेत, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

 

शिवाय नाटक ही बघण्याचीच वस्तू. शेक्सपिअरच्या छत्तीस नाटकांचा ग्रंथ निघाला 1623 मध्ये, तो जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्यातली निम्मी नाटकं तोवर छापलीच गेली नव्हती; लोकांनी ती बघितली होती. आपल्याकडेही आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे मराठी हॅम्लेट, 1883 मध्ये पुस्तकरूपाने आलं, पण ते घराघरांत पोचवलं गणपतराव जोशींच्या रंगमंचावरच्या हॅम्लेटने. आज तालुक्याच्या गावातल्या मुलीने हॅम्लेट बघायचा तर कुठं? कुठल्या थिएटरात? तिच्याजवळ मोबाइल आहे, तोच तिचा रंगमंच.

फक्त तिला एकटं सोडू नका. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालतं. माझ्या वडिलांनाही येत नव्हतं. समोर पुस्तक उघडं आहे ना एवढं बघा. "यात काय गाळलंय गं?" असं विचारा. हा प्रश्न विचारायला शेक्सपिअर वाचलेला असावा लागत नाही, आणि उत्तर द्यायला तिला तो वाचावाच लागतो. इंग्रजी जड वाटत असेल तर 'नटसम्राट'पासून सुरू करा. शिरवाडकरांचं नाटक 1970 चं, महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016 चा. नाटकाचं पुस्तक वाचनालयात सहज मिळतं. विक्रम गोखल्यांनी केलेला तो जिवलग मित्र पुस्तकात शोधायला सांगा आणि गंमत बघा.

त्या चिठ्ठीवाल्या बाबांना मी विचारलं, पिक्चर किती तासांचा आहे हो? म्हणाले, "तेच तर! चार तास चालतो." म्हणजे ब्रॅनाचा. संपूर्ण संहिता घेऊन केलेला, म्हणून इतका लांब. पोरगी पळवाट शोधत असती तर तिने यापेक्षा आखूड हॅम्लेट निवडला असता, असं मी त्यांना सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. रात्री बारापर्यंत जागू देऊ नका, रविवारी दुपारी लावायला सांगा आणि शेजारी बसा. चार तासांत एकदा तरी उठावं लागेल. तेवढा चहा तुम्ही टाका.