मोरीचे पाणी आणि दारचे अळू

पाण्याची घागर डोक्यावर आणायला किती कष्ट पडतात, ते घरातल्या बाईला विचारा. विहीर लांब, रांग मोठी, ऊन कडक. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी आपण वापरतो. आंघोळी होतात, भांडी होतात. मग ते पाणी मोरीतून बाहेर जाते. दारापुढे चिखल होतो, डबके साचते, डास होतात. कष्ट करून पाणी आणले, आणि त्यातून घरात आजार आला!

हेच पाणी आणखी एकदा कामाला लावता येते. त्यावर अळू लावता येते. कोकणात घरामागे अळू असतेच. पण देशावर आणि मराठवाड्यातही ते साधते. कसे साधते, ते आपण या पाठात पाहू.

मोठे पान, मोठी तहान

ओले धोतर दोरीवर पसरले तर लवकर वाळते. बोळा करून ठेवले तर ओलेच राहते. झाडाच्या पानाचेही तसेच आहे. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पान जेवढे मोठे, तेवढे पाणी जास्त उडते. बाभळीचे पान बारीक असते, म्हणून बाभूळ माळावर टिकते. अळवाचे पान सुपाएवढे होते. त्याची तहानही तशीच मोठी.

रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर, अहिल्यानगर या भागांत तो ५०० ते ६०० मिलीमीटर पडतो. शिवाय चैत्र-वैशाखात गरम वारे सुटतात. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. मग अशा मुलखात अळू कसे यायचे?

अळवाला सगळे रान भिजलेले नको. त्याला तीन गोष्टी हव्यात. बुडाशी ओल हवी. डोक्यावर सावली हवी. आणि गरम वाऱ्याला आडोसा हवा. चार हात जागेत या तीन गोष्टी आपण करू शकतो.

‘अळवावरचे पाणी’ ही म्हण आपण ऐकली आहे. पानावर पाणी टाका, त्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात. पानाला वरून मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी ठरत नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी पानावर शिंपडत बसू नका. ते बुडाशी द्या.

जागा कोणती निवडावी?

मोरीचे पाणी उताराने जाईल अशी जागा पाहा. सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारनंतरचे ऊन मात्र टाळावे. म्हणून घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू चांगली. तशी जागा नसेल तर पश्चिमेला केळ किंवा शेवगा लावा. तोवर जुन्या गोणपाटाचा किंवा तुराट्यांचा आडोसा करा.

पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप या जागेपासून ५० फूट तरी लांब असावा.

मोरीचे पाणी कसे द्यावे?

मोरीचे पाणी तसेच सोडू नये. त्यात खरकटे असते, तेलकटपणा असतो, साबण असतो. मोरीच्या तोंडाशी एक लहान खड्डा करा. तळाला विटांचे तुकडे घाला. त्यावर खडी आणि वर जाड वाळू घाला. तोंडावर काथ्या किंवा नारळाची शेंडी ठेवा. खरकटे तिथे अडेल. पाणी खालून झिरपत अळवाच्या वाफ्यात जाईल. वरची काथ्या आठवड्याला काढून धुवावी किंवा बदलावी.

आता काही पाणी वाफ्यात सोडायचे नाही म्हणजे नाही. संडासाचे पाणी नको. तान्ह्या मुलाची लंगोटी धुतलेले किंवा आजाऱ्याचे कपडे धुतलेले पाणी नको. औषध फवारण्याचा पंप धुतलेले पाणी तर मुळीच नको. पान आपल्याला खायचे आहे, हे विसरू नये. धुण्याचा सोडाही वाईट. सोड्याच्या पाण्याने जमीन घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही.

वाफ्यात डबके राहता कामा नये. सकाळी सोडलेले पाणी संध्याकाळपर्यंत मुरले पाहिजे. उकाड्यात डासाच्या अंड्यापासून आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. घाण पाण्यात होणारे डास हत्तीरोग पसरवतात. पाणी जास्त होत असेल तर शेजारी दुसरा वाफा करा. एक दिवस या वाफ्याला, एक दिवस त्या वाफ्याला, अशी पाळी ठेवा.

लावणी

अळवाच्या जाती पुष्कळ. आपल्याला दोन पुरेत. वडीच्या अळवाचा देठ काळपट-जांभळा असतो आणि पान जाड असते. भाजीच्या अळवाचा देठ हिरवा असतो आणि पान मऊ असते. ज्याच्या घरी ते नेहमी खातात, त्याच्याकडूनच गड्डे आणावेत. ओढ्याकाठचे रानअळू फार खाजते. रंगीत पानांचे शोभेचे अळू तर खायचे नसतेच. ते पाहून फसू नये.

मृगाचा पाऊस झाला की लावावे. हातभर खोल खड्डा घ्या. निम्मे कुजलेले शेणखत आणि निम्मी माती भरा. त्यात गड्डा चार बोटे खोल लावा. कोंबाचे तोंड वर ठेवा. दोन रोपांत दीड हात अंतर ठेवा. पहिल्या वर्षी चार-पाच रोपे पुष्कळ झाली. पावसाळाभर त्यांची मुळे धरतात, म्हणून पुढचा उन्हाळा त्यांना सोसतो. माघात लावलेल्या रोपाला ऐन उन्हाळ्यात जपावे लागते.

पावसाळ्यात पानांवर गोल करपलेले डाग पडले तर ती पाने कापून लांब नेऊन जाळावीत. अळ्या दिसल्या तर हाताने वेचाव्यात. औषध मारून मग तेच पान खाणे शहाणपणाचे नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणीही कमी द्यावे.

उन्हाळ्याचे तीन महिने

खरी परीक्षा इथे आहे. फाल्गुन लागला की बुडाशी वीतभर जाड पाचट किंवा पालापाचोळा पसरा. जमीन झाकली की ओल उडत नाही. पाणी संध्याकाळी द्या.

बाहेरची जुनी पाने काढून घ्या. मधली कोवळी दोन-तीन पाने ठेवा. पाने कमी झाली की झाडाची तहान कमी होते. दुपारी पान लवलेले दिसले तर घाबरू नका. ते संध्याकाळी उभे राहिले, तर झाड ठीक आहे. सकाळीही ते लवलेलेच असेल, तर ओल पुरत नाही असे समजा.

आणि मोरीला पाणीच उरले नाही तर? पाने वाळतील. वाळू द्या. पण गड्डा उपटू नका. त्याच्यावर माती ओढा, वर पाचट घाला. गड्डा म्हणजे झाडाची शिदोरी. पाने गेली तरी तो जमिनीत जीव धरून राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा कोंब काढतो. म्हणून झाड गेले असे आषाढाच्या आधी म्हणू नये.

खाज का येते?

अळवात सुईसारखे बारीक खडे असतात. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. ते घशाला व हाताला टोचतात, म्हणून खाज सुटते. कच्चे पान कधी खाऊ नये. मुलांनाही ते चघळू देऊ नये. चिरताना हाताला तेल लावावे. पाने आधी स्वच्छ पाण्याने धुवावीत. मग चिंच किंवा आमसूल घालून चांगली मऊ होईपर्यंत शिजवावीत. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच अळू खावे.

नीट शिजवलेले अळू गुणाचे आहे. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व आपले शरीर ज्या द्रव्यापासून बनवते, ते या हिरव्या पानांत भरपूर आहे. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. लहान मुलांना आणि गरोदर बायांना त्याची फार गरज असते. फोडणीला थोडे तेल असले की ते अंगी जास्त लागते.

गावात आम्हाला पुष्कळदा ऐकायला मिळते, “प्यायला पाणी नाही, झाडाला कुठून घालू?” बोलणे खरे आहे. प्यायचे पाणी झाडाला घालू नका, असेच आम्हीही सांगतो. पण पाच माणसांच्या घरात आंघोळीला माणशी एक बादली धरली, तरी रोज पाच बादल्या पाणी मोरीतून जाते. ते पाणी आपण आधीच आणलेले आहे. त्यासाठी विहिरीवर दुसरी खेप नको. त्याला फक्त वाट दाखवायची आहे. चिखलाकडे जाणारी वाट बंद करायची आणि अळवाकडे जाणारी वाट काढायची. दारची घाण जाईल, डास कमी होतील आणि जेवणात पालेभाजी येईल.

उत्तरे सांगा

१. मोठ्या पानाच्या झाडाला पाणी जास्त का लागते?
२. अळवाला कोणत्या तीन गोष्टी हव्यात?
३. कोणते पाणी वाफ्यात सोडू नये?
४. उन्हाळ्यात पाने वाळली तर काय करावे?

करून पाहा

आपल्या घरच्या मोरीतून रोज किती बादल्या पाणी जाते, ते आठ दिवस मोजा. रोजचा आकडा वहीत लिहा. आठ दिवसांची बेरीज करा आणि वर्गात वाचून दाखवा.